मागच्या सीटची काच: पत्र्याला धरू नका

तुमच्या रोल्स-रॉइस ट्वेंटी टूररला, म्हणजे १९२० च्या दशकातल्या त्या उघड्या गाडीला, मागच्या प्रवाशांसाठी वारा अडवणारी काच बसवायची आणि ती पुढच्या सीटमागच्या पत्र्यावर थेट स्क्रूने, असं म्हणताय. कृपा करून तसं करू नका. अ‍ॅल्युमिनियमचा तो पत्रा पातळ असतो. वाऱ्याच्या रेट्याने भोकं लांबट होतात, मग पत्राच चिरतो. आतल्या लाकडी चौकटीला कठीण लाकडाचा आडवा ठोकळा जोडून घ्या आणि बिजागऱ्या त्यात आरपार बोल्टने धरा. बिजागरीचं पितळ आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मध्ये रबराची पट्टी हवीच, नाहीतर पावसाळ्यात तिथे पांढरी भुकटी धरते.

त्या काळच्या ऑस्टर काचांना, म्हणजे मागच्या सीटसाठीच्या ऑस्टर कंपनीच्या काचांना, बाजूला दुमडणारे पंख असत. ते गाळू नका, मागच्या माणसाच्या मानेवर वारा बाजूनेच वळून येतो.

काच कापायच्या आधी पुठ्ठ्याचा साचा करा. टप चढवा, उतरवा, दारं उघडा, उंच माणूस मागे बसवा. आमच्या गाडीत गुडघा नेमका बिजागरीच्या टोकाला घासत होता; साचा होता म्हणून वेळीच कळलं. काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली घ्या. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली काच एकदा तयार झाली की तिला कापता येत नाही.