राजधानीचं नागपूर तीन दिवसांत: क्रम नीट लागतोय का?

मुठेकाठचा
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून नागपूरला येतोय. शनिवारी सकाळी स्टेशनवर उतरू, सोमवारी रात्रीची परतीची गाडी आहे. सोबत आई, वय 71, गुडघे जेमतेम. वाघ बघायचे नाहीत, मॉल नकोत. गोंडांची, भोसल्यांची आणि मध्य प्रांताची राजधानी राहिलेलं शहर म्हणून नागपूर बघायचंय. कच्चा आराखडा असा:
शनिवार: सीताबर्डीचा किल्ला, झिरो माइल, दीक्षाभूमी.
रविवार: सकाळी रामटेक, दुपारी परत येऊन महाल.
सोमवार: अजब बंगला, विधान भवन, हायकोर्ट, खरेदी, गाडी.
यात काय चुकतंय? गाडी भाड्याने घ्यावी की मेट्रोवर भागेल?

बर्डीवाला
आराखड्यात तीन चुका आहेत जी.

किल्ला फौजेच्या ताब्यात आहे. सर्वसामान्यांना वर्षातून तीनच दिवस आत सोडतात: 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट. त्या दिवशी ओळखपत्र न्यायचं आणि सकाळीच रांगेत लागायचं. डिसेंबरात तो खालूनच बघावा लागेल. ऑटोवाल्याला 'किल्ला' म्हटलं की तो बरेचदा टेकडी गणपतीला सोडतो. देऊळ त्याच टेकडीच्या अंगाला, स्टेशनजवळ आहे, पण तिथून किल्ल्यात वाट नाही. (आणि इथे रिक्षा म्हणू नका, ऑटो म्हणा. रिक्षा म्हणजे सायकलची.)

अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, सोमवारी बंद. तो शनिवारी घ्या. 1863 पासूनचं संग्रहालय आहे. पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या दालनात लहान मुलं रमतात. तुम्ही तो वेळ शिल्पांना, शिलालेखांना आणि शस्त्रांना द्या.

तिसरी गोष्ट अधिवेशनाची. डिसेंबरात बहुधा हिवाळी अधिवेशन असतं. विधान भवनाभोवतीचे रस्ते कामकाजाच्या दिवशी अडवलेले असतात, मोर्चे असतात आणि सिव्हिल लाइन्समध्ये वळसे घालून जीव जातो. त्यामुळे तो भाग सोमवारी ठेवूच नका, शनिवार-रविवारी सुसह्य असतो. बर्डी (म्हणजे सीताबर्डी) आणि स्टेशनजवळची हॉटेलं त्या पंधरवड्यात आमदार-अधिकाऱ्यांच्या गोतावळ्याने भरतात. खोली आजच ठरवा. नाही मिळाली तर ऑरेंज लाइनवर अजनी, छत्रपती चौक या बाजूला शोधा, मेट्रोने बर्डी थोड्याच स्टेशनांवर आहे.

महालची गल्ली
क्रम लावण्याआधी नकाशा डोक्यात बसवा, म्हणजे फिरताना गोंधळ होत नाही. सीताबर्डीची टेकडी मध्ये धरा. तिच्या पूर्वेला गोंड-भोसल्यांचं शहर: जुम्मा तलाव, महाल, इतवारी. पश्चिमेला आणि उत्तरेला साहेबाचं: सिव्हिल लाइन्स, सदर. पर्यटक बहुतेक पश्चिमेकडचे रुंद रस्ते बघून 'नागपुरात बघायला काही नाही' म्हणत परत जातात. जुनी राजधानी त्यांनी ओलांडलेलीच नसते.

गावं गोळा करून शहर वसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, 1702 च्या सुमारास. त्याचा मुलगा चांद सुलतान राजधानी इथे घेऊन आला. तट, वेशी आणि जुम्मा तलाव त्याच्या काळातले. तटाचा आता मागमूस नाही, पण जुम्मा दरवाजा उभा आहे. त्यालाच आज गांधी गेट म्हणतात आणि तलावाला गांधीसागर. दोन्ही नावं ध्यानात ठेवा. जुन्या पुस्तकात एक सापडतं, पाटीवर दुसरं असतं.

चालायची वाट: अ‍ॅक्वा लाइनवर कॉटन मार्केट स्टेशनला उतरा, गांधीसागरच्या काठाने गांधी गेट गाठा आणि वेशीतून आत शिरा. आत गेलं की रस्ते अरुंद होतात, चौक जवळजवळ येतात. भोसल्यांचा मोठा वाडा खाजगी आहे, घर आहे ते. दारातून बघायचं, आत घुसायचं नाही. पितृपक्षात तिथे हाडपक्या गणपती बसतो. कल्याणेश्वराचं देऊळ, कोतवाली, बडकस चौक हे सगळं पायी होतं. किल्ला रोडवर गोंडराजाच्या किल्ल्याची खूण नावात तरी टिकून आहे. तुळशीबागेकडे वळलात तर कॉलेजच्या पाटीवर 'सी. पी. अँड बेरार', म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, वाचायला मिळेल. तो प्रांत 1950 मध्ये मध्य प्रदेश झाला, पाटी तशीच आहे.

वेळ महत्त्वाची. दुपारी बारानंतर महालात ऑटो, हातगाड्या आणि दुचाक्यांच्या मधून आईंना चालवणं कठीण. रविवारी सकाळी साडेसातला सुरू करा, दुकानं उघडायच्या आत संपवा. शटर बंद असली की वरच्या मजल्यांची लाकडी सज्जे, कोरीव खांब दिसतात. दुकानं उघडली की त्यावर फ्लेक्स आणि ताडपत्र्या येतात. दीड-दोन तास पुरतात. गाडी घेऊन आत जाऊ नका, ठेवायला जागा नाही.

मैलाचा दगड
झिरो माइलबद्दल. 'भारताचा मध्यबिंदू' म्हणून फोटो काढून दोन मिनिटांत निघू नका. ती सर्व्हेची खूण आहे, 1907 ची. देशाच्या मोजणीच्या कामातला संदर्भबिंदू. देशाचा भूगोलशास्त्रीय मध्य नेमका तिथेच, हे इथल्या प्रत्येकाने शाळेत ऐकलेलं असतं, एवढंच. खांब आणि चार घोडे लांबून दिसतात, जवळ जाऊन बघायचा तो षट्कोनी चौथरा. त्यावर गावांची नावं आणि अंतरं आहेत: हैदराबाद 318, चांदा (आजचं चंद्रपूर) 125, जबलपूर 170, शिवनी 79, छिंदवाडा 83, बैतूल 101. हे आकडे मैलांत आहेत. लोक किलोमीटर समजतात आणि 'चुकलंय' म्हणतात. 1.6 ने गुणा, हैदराबाद 509 किलोमीटर येतं, म्हणजे बरोबर. या यादीत मुंबई नाही. त्या काळच्या नागपूरचे शेजारी कोण होते ते कळतं.

तिथून विधान भवन चालत. त्या इमारती बाहेरूनच. हायकोर्टाचा घुमट रस्त्यावरून चांगला दिसतो, ती इमारत 1940 ची. कस्तुरचंद पार्कची छत्री वाटेवर. झिरो माइलला मेट्रो स्टेशनच आहे, ऑरेंज लाइनवर. पुढचं स्टेशन कस्तुरचंद पार्क. आईंना उन्हात चालवण्यापेक्षा तेवढं एक स्टेशन मेट्रोने जा, सरकते जिने आणि लिफ्ट आहेत.

स्टेशनात उतरल्यावर घाई करू नका. पश्चिमेची इमारत 1925 ची, सावनेरच्या दगडातली, तीही राजधानीच्या थाटाचीच आहे. मात्र मेट्रो पकडायला संत्रा मार्केटच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूला निघायचं. चुकून पश्चिमेला निघालात तर सामान घेऊन पुन्हा पूल चढावा लागतो. आईंसाठी हे आधीच ठरवा.

ताम्रपट
रामटेक अर्ध्या दिवसात बसवू नका, आणि रविवारी तर नकोच, गर्दी असते. सोमवारी ठेवा. शिवाय नुसतं रामटेक केलंत तर राजधानीचा मुद्दाच सुटतो. वाकाटक या प्राचीन राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी नंदिवर्धन होती, आणि ते म्हणजे रामटेकजवळचं नगरधन, असं अभ्यासक मानतात. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी प्रभावतीगुप्ता हिने मुलं लहान असताना इथून राज्य चालवलं. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली, शंखाचं चिन्ह आणि ब्राह्मीत नाव. नागपूर राजधानी व्हायच्या तेराशे वर्षं आधीची ही गोष्ट.

दिवसभरासाठी गाडी ठरवा, सकाळी सातला निघा. कामठी, कन्हान, मनसर, मग उजवीकडे रामटेक, साधारण 50 किलोमीटर. एसटी गणेशपेठहून मिळते, पण रामटेकहून नगरधनला गेलेला ऑटो परतीला सापडेलच असं नाही. ऑटोने जायचं तर थांबवून ठेवायचं बोलून घ्या.

रामटेकला गाडीरस्ता वरपर्यंत जातो, अंबाळा तलावाकडच्या पायऱ्या आईंना नकोत. वर गेल्यावरही थोड्या पायऱ्या राहतात, काठी असू द्या. माकडं आहेत. हातात पिशवी, प्रसाद, चष्म्याची दोरी काही लोंबतं ठेवू नका, पाण्याची बाटलीसुद्धा पिशवीत.

गडावरचं राममंदिर भोसल्यांनी सजवलेलं, ते सगळे बघतात. खरी जुनी आहेत ती केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन देवळं, पाचव्या शतकातली, बाहेरून इतकी साधी की लोक समोरून निघून जातात. केवल नरसिंहाच्या भिंतीतल्या शिलालेखात प्रभावतीगुप्तेच्या घराण्याचे उल्लेख आहेत. लिपी पेटिकाशीर्ष ब्राह्मी, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर इवलीशी चौकट. अक्षरं झिजलीत. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही, मोबाइलची बॅटरी भिंतीला लावून आडवी धरली की खोलगट भाग सावलीत जाऊन अक्षर उठतं. बोट लावू नका, खडू तर मुळीच नाही.

मग नगरधन. आज दिसतो तो कोट भोसल्यांच्या काळातला, वाकाटकांचं गाव जमिनीखाली. आत जमिनीखाली उतरून देवीचं ठाणं आहे, पायऱ्या ओल्या असतात, आईंनी वर थांबलेलं बरं. परतताना मनसरची टेकडी, विटांचं बांधकाम उघडं पडलेलं. ते हमरस्त्याजवळच आहे म्हणून शेवटी ठेवा, गाडीची वेळ आलीच तर तेवढं सोडता येतं. चारला मनसरहून निघा.

मुठेकाठचा
मोठी मदत झाली. आता असं केलंय:
शनिवार: सामान ठेवून अजब बंगला, मग झिरो माइल, विधान भवन, हायकोर्ट बाहेरून.
रविवार: सकाळी महाल, दुपारी विश्रांती, संध्याकाळी दीक्षाभूमी.
सोमवार: रामटेक, नगरधन, मनसर.
दोन प्रश्न. महालात नाश्ता काय? आणि सावजी, म्हणजे तो इथला झणझणीत रस्सा, आईला झेपेल का?

बर्डीवाला
दीक्षाभूमीला राहाटे कॉलनी मेट्रोवरून ऑटो घ्या. 14 ऑक्टोबर 1956 चा बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचा दिवस आणि 1 नोव्हेंबरला नागपूरची राजधानी जाणं यात तीन आठवडेही नाहीत. शहराचं ते वर्ष दोन बाजूंनी लक्षात राहतं.

नाश्त्याला तर्री पोहे, म्हणजे वरून तिखट रस्सा घातलेले पोहे. सकाळी लवकर, उशीर केला की उरतात ते वाफाळून चिकट झालेले. 'तर्री वेगळी द्या' म्हणा, आईंच्या पोह्यांवर चमचाभरच घाला.

सावजीत 'कमी तिखट करा' म्हणून उपयोग नाही, रस्सा आधीच शिजलेला असतो. वरचा तेलाचा थर काढून मागा आणि भाकरीशी खा. आईंसाठी डाळकांदा किंवा पाटोडी रस्सा सांगा, तोही तिखटच असतो, पण भात जास्त घेतला की निभतं. मात्र हे सोमवारी रात्री गाडीत चढायच्या आधी नको, रविवारी दुपारी खा.

महालची गल्ली
एक राहिलं. रविवारी दीक्षाभूमीआधी तासभर असेल तर फुटाळा तलावावर जा, तोही भोसल्यांच्या काळातला. पण सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी निघा. अंधार पडला की सगळं शहर तिथेच असतं, आणि ऑटो मिळत नाही.