आतड्यातील पेशी सूक्ष्मजीवांचा ‘प्रतिकार’ करतात की त्यांना ‘प्रतिसाद’ देतात?

प्रश्न (धंतोली, नागपूर):
आशा सेविकांच्या प्रशिक्षणासाठी मी पचनसंस्थेवर मराठी टिपण तयार करीत आहे. त्यात ‘आतड्याच्या अस्तरातील पेशी आणि रोगप्रतिकारक पेशी तेथील सूक्ष्मजीवांचा प्रतिकार करतात’ असे वाक्य आहे. जे सूक्ष्मजीव जन्मभर आपल्या पोटात नांदतात, त्यांच्या बाबतीत ‘प्रतिकार’ हा शब्द योग्य ठरेल का?

उत्तर (मेडिकल चौक, नागपूर):
ताई, आपली शंका रास्त आहे. ‘प्रतिकार’ म्हटले की समोरचा चाल करून आला आहे, हे गृहीत धरले जाते. ‘प्रतिक्रिया’ हा शब्द औषधाचे अंगावर पित्त उठते तशा, आपोआप उमटणाऱ्या परिणामाला शोभतो. ‘प्रतिसाद’ देण्यासाठी मात्र आधी साद ओळखावी लागते, आणि आतड्याच्या पेशी नेमके तेच करतात.

हे अस्तर अवघ्या एका पेशीच्या जाडीचे असते आणि साधारण चार-पाच दिवसांत त्यातील बहुतेक पेशी बदलतात. त्यांतील गॉब्लेट पेशी श्लेष्मा, म्हणजे चिकट स्राव, स्रवतात. मोठ्या आतड्यात या श्लेष्म्याचे दोन थर असतात; बाहेरच्या थरात जिवाणू राहतात, तर पेशींना चिकटलेला आतला थर जवळजवळ जिवाणूमुक्त असतो. लहान आतड्यात पॅनेथ पेशी जिवाणूनाशक प्रथिने सोडतात, आणि अस्तराखालील पेशींनी तयार केलेली आयजीए प्रतिपिंडे जिवाणूंना चिकटून, दाह न होऊ देता, त्यांना अस्तरापासून दूर ठेवतात. या साऱ्याला मी ‘अटकाव’ म्हणेन, कारण येथे जिवाणूंना हुसकावून लावायचे नसते. त्यांनी आपली हद्द ओलांडू नये एवढेच पाहायचे असते.

जिवाणूच्या शेपटीतील फ्लॅजेलिन हे प्रथिन ओळखणारे ग्राही (पेशीवरील संवेदक प्रथिने) मुख्यतः अस्तर-पेशींच्या तळाकडील बाजूस असतात. त्यामुळे एखादा जिवाणू अस्तर भेदून आत शिरला, तरच त्यांना खरी जाग येते. शिगेला या आव पाडणाऱ्या जिवाणूला अशी शेपटी नसते, तरी तो आत शिरला की पेशी त्याला इतर खुणांवरून ओळखून रासायनिक संदेश सोडतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, दाह होतो, आणि रुग्ण ‘आव पडते, रक्तही पडते’ अशी तक्रार घेऊन येतो. ‘प्रतिकार’ हा शब्द येथे चपखल बसतो.

उत्तर (प्रतापनगर, नागपूर):
वरील विवेचनाशी मी सहमत आहे. फक्त नियामक टी पेशींचा (रोगप्रतिकारक पेशींचाच एक प्रकार) उल्लेख राहिला. आतड्यातील काही जिवाणू तंतुमय अन्न आंबवून ब्युटिरेट तयार करतात. ते मोठ्या आतड्याच्या अस्तर-पेशींचे मुख्य इंधन आहे, शिवाय नियामक टी पेशी तयार होण्यासही त्याची मदत होते. या पेशींच्या शोधाला 2025चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कामाला काही जण ‘सहनशीलता’ म्हणतात, ते मला पटत नाही. सहन करणारा मुकाट्याने सोसतो. या पेशी तर इतर पेशींच्या आक्रमकतेला आवर घालतात. म्हणून ‘आवर घालणे’ हेच क्रियापद घ्यावे.

‘रोगप्रतिकारक पेशी’ हे नाव रूढ आहे, ते बदलू नये. मात्र टिपणात ‘जंतू’ हा शब्द टाळावा, ही कळकळीची विनंती. जंतनाशक गोळ्या वाटणाऱ्या सेविकांच्या मनात ‘जंत’ आणि ‘जंतू’ यांची सहज गल्लत होऊ शकते, आणि मग पोटातील सगळेच जीव मारायचे असतात, असा समज गावोगाव पसरेल.

प्रश्नकर्तीकडून:
आपणां दोघांचेही मनःपूर्वक आभार. वाक्य असे बदलले आहे: ‘आतड्याच्या अस्तरातील पेशी आणि रोगप्रतिकारक पेशी तेथील सूक्ष्मजीवांची सतत दखल घेतात, त्यांना अस्तराजवळ येण्यास अटकाव करतात, अनाठायी दाहाला आवर घालतात, आणि एखादा जिवाणू अस्तर भेदून आत शिरला तर त्याचा प्रतिकार करतात.’ ‘श्लेष्मा’ या शब्दापुढे ‘शौचातून आव पडते तोच चिकट पदार्थ’ असा खुलासाही जोडला आहे.