टार्नीटमध्ये घर घ्यावे का? भाव, वय आणि आपली माणसे

टार्नीटकर (धाग्याची सुरुवात)

मेलबर्नमध्ये नव्याने स्थिरावणाऱ्या मराठी कुटुंबांत घराचा विषय निघाला की टार्नीटचे नाव हमखास येते आणि त्यावर दोन ठरलेली मते ऐकू येतात. एक म्हणजे "तिकडे घेऊ नका, भाव वाढत नाही," आणि दुसरे "तिकडेच घ्या, आपली माणसे आहेत." मी गेली आठ वर्षे इथे राहतो आणि मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात, कारण घराचा भाव आणि त्या घरांत राहणारी माणसे यांचा जो परस्परसंबंध आहे, तो दोन्हींतून निसटतो. टार्नीटचा घरबाजार समजून घ्यायचा असेल तर आधी तिथल्या लोकांचे वय पाहावे, असे माझे म्हणणे आहे.

शहराच्या मध्यापासून पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर, विंडहॅम कौन्सिलच्या हद्दीत हे उपनगर आहे. या शतकाच्या सुरुवातीला इथे मुख्यतः शेते आणि गवताळ माळरान होते. २०२१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ५६ हजारांच्या वर गेली. त्यांत साधारण चारांतला एक माणूस भारतात जन्मलेला आहे आणि घरात इंग्रजीखालोखाल सर्वाधिक बोलली जाणारी भाषा पंजाबी आहे. संपूर्ण ऑस्ट्रेलियाचे मध्यवय (निम्मी माणसे ज्याहून लहान असतात ते वय) त्या जनगणनेत ३८ होते. टार्नीटचे तिशीच्या आसपास. देशात एका घरात सरासरी अडीच माणसे राहतात. इथे तीनपेक्षा जास्त.

याचा अर्थ असा की, हे उपनगर एकाच वयाच्या माणसांनी, एकाच दशकात, एकाच कारणासाठी वसवलेले आहे. सगळ्यांची मुले एकाच वेळी किंडरला (बालवाडीला) जातात, म्हणून किंडरमध्ये जागा नसते. नवी शाळा उघडते आणि दोन-तीन वर्षांत तिच्या मैदानावर पोर्टेबल वर्ग उभे राहतात. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सगळ्यांची कर्जेही एकाच वयाची आहेत. जुन्या उपनगरात निम्म्या गल्लीचे कर्ज फिटलेले असते, त्यामुळे व्याजदर कितीही चढला तरी ती माणसे घर धरून बसू शकतात. आमच्याकडे कर्ज फिटलेले घर विरळा.

हा केवळ तर्क नाही. इथल्या रिझर्व्ह बँकेचा दर नोव्हेंबर २०२० मध्ये ०.१० टक्के होता. मे २०२२ पासून तो चढत गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ४.३५ वर पोहोचला. ज्याने २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलरचे तीस वर्षांचे कर्ज दोन टक्क्यांनी दोन वर्षांसाठी फिक्स केले होते, त्याचा महिन्याचा हप्ता सुमारे २,०३० डॉलर होता. मुदत संपून दर सहा टक्के झाल्यावर तोच हप्ता ३,२०० च्या पुढे गेला. आमच्या गल्लीत चौदा घरे आहेत. त्या वर्षी हिवाळ्यात त्यांतल्या तीन घरांपुढे एकाच महिन्यात विक्रीच्या पाट्या लागल्या. तिन्ही घरांत दोन-दोन लहान मुले होती, तिन्ही घरे चार बेडरूमची होती आणि तिन्हींना गिऱ्हाईकही एकाच प्रकारचे हवे होते. अशा वेळी भाव कसा टिकणार?

म्हणून माझे मत असे आहे की, इथे दहा-बारा वर्षे राहण्यासाठी घर जरूर घ्यावे, पण चार-पाच वर्षांत विकून पुढे जाण्याच्या हिशेबाने घेऊ नये. आणि ज्या सरकारने माणसे आधी वसवली आणि सोयी मागाहून आणल्या, त्याला आपण सर्वांनी जाब विचारला पाहिजे. टार्नीटचे स्टेशन जून २०१५ मध्ये उघडले, तेही व्ही-लाईनच्या, म्हणजे राज्यातल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या, मार्गावर. जीलाँगहून भरून आलेल्या डिझेल गाडीत आमची माणसे सकाळी उभ्याने शिरतात. हे आज व्ही-लाईनच्या सर्वांत गर्दीच्या स्टेशनांपैकी एक आहे. विजेच्या गाड्या आणण्याचे २०१८ मध्ये बोलले गेले; आम्ही अजून वाट पाहतो आहोत.

हिशेबी

लेख मनापासून लिहिला आहे, परंतु निदान चुकले आहे असे मला वाटते. वय हे कारण नाही. जमीन हे कारण आहे. मेलबर्नची वाढीची सीमा, म्हणजे शहर जिथवर पसरू शकते ती रेषा, २००२ मध्ये आखली गेली आणि २०१० मध्ये ती पुन्हा बरीच बाहेर सरकवली गेली. त्या सीमेच्या आत, तुमच्या घराच्या पश्चिमेला, एकामागून एक इस्टेट (नव्या घरांची वसाहत) विक्रीला येत आहे. तुमचे आठ वर्षांचे घर जेव्हा बाजारात जाते तेव्हा त्याची स्पर्धा शेजाऱ्याच्या घराशी नसते, तर दोन किलोमीटरवरच्या कोऱ्या घराशी असते. कोऱ्या घराच्या पहिल्या खरेदीदाराला राज्य सरकारचे दहा हजार डॉलरचे अनुदान मिळते, तुमच्या घराच्या खरेदीदाराला ते मिळत नाही. जमीन आणि बांधकाम असे वेगळे करार केले तर स्टॅम्प ड्युटीचा हिशेब फक्त जमिनीच्या किमतीवर होतो. त्यात मंदीच्या काळात विकासक पाटीवरचा भाव तसाच ठेवून आतून सूट देतो. मग जुने घर जास्त पैसे देऊन कोण घेईल?

घर जुने होते आणि जमीन महाग होते, हे साधे तत्त्व आहे. साडेतीनशे-चारशे चौरस मीटरच्या प्लॉटवर चार बेडरूमचे घर बांधले की एकूण किमतीत बांधकामाचाच हिस्सा मोठा राहतो. तुम्ही जे विकत घेता त्यातला मोठा भाग दरवर्षी झिजत असतो. टार्नीटमध्ये साडेसहा लाखांच्या आसपास घर मिळते आणि मेलबर्नच्या घरांचा मध्यभाव नऊ लाखांच्या पुढे आहे, म्हणून ते स्वस्त वाटते. त्याच पैशांत सनशाईन किंवा सेंट ऑल्बन्सला मेट्रोच्या मार्गावर लहान युनिट घेता येते. त्यात जमीन थोडी असली तरी तिच्या शेजारी नवी जमीन निर्माण होऊ शकत नाही. आपल्या माणसांनी बेडरूम मोजणे थांबवून स्टेशनपर्यंतचे अंतर मोजायला शिकले पाहिजे.

भाडेकरू

आपण दोघेही विकत घेणाऱ्याविषयी बोलत आहात. १ एप्रिल २०२५ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला जुने घर विकत घेता येत नाही. नवे घ्यायचे तर परवानगी काढावी लागते आणि व्हिक्टोरियात परदेशी खरेदीदार म्हणून आठ टक्के जादा ड्युटी भरावी लागते. त्यामुळे आमच्यासारखी कुटुंबे भाड्यानेच राहणार. राज्य सरकारने २०२४ पासून जमिनीच्या ज्या किमतीपुढे लँड टॅक्स लागतो ती मर्यादा तीन लाखांवरून ५० हजारांवर आणली. पूर्वी ज्या मालकाला एकही डॉलर लागत नव्हता, त्याला आता वर्षाला ९७५ डॉलर भरावे लागू शकतात. आमच्या मालकाने घर विकायला काढले तेव्हा हेच कारण सांगितले. मुलाची शाळा बदलू नये म्हणून आम्ही त्याच झोनमध्ये दुसरे घर शोधले आणि सहा आठवडे प्रत्येक शनिवारी पाहणीसाठी रांगेत उभे राहिलो. त्या रांगेत आमच्यासारखीच माणसे होती: तिशीतले जोडपे, हातात मूल, फोनमध्ये पगाराच्या पावत्या. टार्नीटकरांचे एकाच वयाचे निरीक्षण मला त्या रांगेत पटले.

पूर्वेकडची

मी नव्वदीच्या दशकात आले आणि पूर्वेच्या उपनगरांत राहिले. तेव्हा आमच्या आसपास मराठी घर शोधावे लागे. गणपतीला माणसे तासभर गाडी चालवून यायची. म्हणून आपल्या माणसांजवळ राहण्याची ओढ मला कळते. परंतु एक प्रश्न मला मनापासून विचारायचा आहे. ज्या देशात मुले वाढणार त्या देशाची सगळी माणसे त्यांच्या वर्गात दिसायला नकोत का? एकाच देशातून आलेली, एकाच क्षेत्रात नोकरी करणारी, एकाच वर्षी कर्ज काढलेली कुटुंबे एकत्र राहिली की मुलांची स्पर्धाही आपापसांतच होते आणि आई-वडिलांची तुलनाही. भावाचे म्हणाल, तर ज्या उपनगराला एकाच समाजाकडून मागणी आहे, तिथली मागणी त्या समाजाच्या व्हिसाधोरणावर अवलंबून राहते. मला हा धोका व्याजदरापेक्षा मोठा वाटतो.

टार्नीटकर

ताई, आधी तुमच्या मुद्द्याविषयी लिहितो, कारण तो मला जास्त जवळचा आहे. टार्नीट दुरून पाहणाऱ्याला एकसंध दिसते. आत राहिल्यावर तसे वाटत नाही. आमच्या उजव्या हाताला पंजाबी कुटुंब आहे, डावीकडे फिलिपिनो, समोर सुदानमधून आलेले. संपूर्ण ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये घरी मराठी बोलणारे बावीस हजारांच्या वर होते आणि ते देशभर विखुरलेले होते. टार्नीटमध्ये मराठी माणूस अल्पसंख्याकांतला अल्पसंख्याक आहे. माझा मुलगा घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि क्रिकेटच्या मैदानावर कामापुरती पंजाबी बोलतो. शिवाय एकत्र वसणे ही आपली नवी रीत नव्हे. कार्लटनला इटालियन, ओकलीला ग्रीक, फूट्सक्रेला व्हिएतनामी माणसे अशीच एकत्र राहिली आणि आज त्याच उपनगरांची ओळख सांगताना मेलबर्न त्यांचेच नाव अभिमानाने घेते. व्हिसाधोरणाचा धोका मात्र खरा आहे. तो मी मान्य करतो.

हिशेबी, जमिनीचा मुद्दा मी नाकारत नाही, तो माझ्या लेखात यायला हवा होता. पण तुमच्या हिशेबात एक माणूस धरलेला नाही, आणि तो म्हणजे आई. आमची आई वर्षातले सहा महिने इथे असते. वडील गेल्यापासून तिला एकटीला ठेवणे शक्य नाही. पालकांच्या कायमच्या व्हिसासाठी एकेका माणसामागे ४८ हजार डॉलरच्या आसपास भरूनही वर्षानुवर्षे थांबावे लागते, म्हणून ती व्हिजिटर व्हिसावर येते आणि जाते. तिचे गुडघे दुखतात. तिला खालच्या मजल्यावर बेडरूम आणि लागून बाथरूम हवे. टार्नीटमध्ये बांधकाम कंपन्या खाली एक बेडरूम असलेले नकाशे मुद्दाम दाखवतात, कारण त्यांना गिऱ्हाईक माहीत आहे. सेंट ऑल्बन्सच्या दोन बेडरूमच्या युनिटमध्ये ती कुठे झोपेल? एका घरात तीनपेक्षा जास्त माणसे, हा जनगणनेतला आकडा म्हणजे माझी आई आहे.

स्थापत्य

भावाविषयी मी बोलत नाही, पण जे घर घेणार आहेत त्यांनी जमिनीखाली काय आहे ते पाहावे. मेलबर्नची पश्चिम बाजू ज्वालामुखीच्या बेसॉल्टवर बसली आहे आणि वरची चिकणमाती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. आपल्याकडे देशावर काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात चप्पल रुतते, तीच जात समजा. दख्खनचे पठारही बेसॉल्टचेच आहे. अशा जमिनीवर पायाचा काँक्रीट स्लॅब पातळ ठेवून घर बांधले आणि पाण्याचा निचरा नीट केला नाही, तर स्लॅबची एक बाजू उचलली जाते, दारे लागेनाशी होतात आणि कोपऱ्यांत तिरक्या भेगा पडतात. पश्चिमेकडच्या अनेक घरांना दहा-पंधरा वर्षांपूर्वी हाच त्रास झाला आहे. करारावर सही करण्याआधी माती-तपासणीचा अहवाल मागावा, आणि जुने घर घेताना दारांच्या वरच्या कोपऱ्यांकडे नजर टाकावी. भिंतीलगत झाडे लावून त्यांना रोज पाणी घालणे टाळावे. विक्रेत्याने सगळीकडे नुकताच रंग दिला असेल, तर अधिक बारकाईने पाहावे.

हिशेबी

टार्नीटकर, आईचा मुद्दा मी धरला नव्हता, हे कबूल करतो. माझ्या आई-वडिलांना इथे यायचेच नाही, म्हणून तो मला सुचला नाही. तरीही माझे मत बदललेले नाही. ते थोडे अरुंद झाले आहे. ज्याला खालची बेडरूम खरोखर लागणार आहे त्याने टार्नीट घ्यावे. पण माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी आई-वडिलांचा विचार न करता, केवळ सरकारी हमीच्या योजनेत पाच टक्के डिपॉझिटवर कर्ज मिळते म्हणून घर घेतले आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्या योजनेत उत्पन्नाची मर्यादा उरलेली नाही आणि मेलबर्नमध्ये साडेनऊ लाखांपर्यंतचे घर त्यात बसते. पाच टक्के भरून घेतलेल्या घराचा भाव सहा टक्क्यांनी खाली आला, तर सुरुवातीच्या महिन्यांत तुमचे कर्ज घरापेक्षा मोठे होते. तुम्ही सांगितलेले एकाच वयाचे कर्ज आणि मी सांगितलेली न संपणारी जमीन या दोन गोष्टी एकाच वर्षी आल्या, तर त्या कुटुंबाला विकताही येणार नाही आणि राहणेही जड जाईल. तुमच्या गल्लीतल्या त्या तीन घरांचे पुढे काय झाले?

टार्नीटकर

एक विकले गेले, घेतलेल्या भावाच्या जवळपास. दुसऱ्या कुटुंबाने पाटी काढून टाकली. नवरा आता आठवड्याचे दोन दिवस रात्री टॅक्सी चालवतो आणि खालची बेडरूम त्यांनी एका विद्यार्थ्याला भाड्याने दिली आहे. तिसऱ्या घरातली माणसे जीलाँगला गेली. त्यांच्या मोठ्या मुलीला शाळा बदलायची नव्हती, म्हणून पहिले सहा महिने ती रोज सकाळी त्याच व्ही-लाईनने टार्नीटला येत असे. तिला बसायला जागा मिळायची.