प्रति: आकडा लहान, पण पायपीट मोठी

'एलजीबीटी मतं आहेतच किती, पक्ष कशाला विचारतील?' हे म्हणणं मतांपुरतं खरं. पण प्रचाराला फिरणारी माणसं लागतात, तिथे गणित बदलतं. २०१७ च्या ठाणे महापालिका निवडणुकीत (तेव्हा समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ही होतंच) आम्ही सहासात एलजीबीटी मंडळी कळव्यात एका उमेदवारासाठी स्लिपा वाटत होतो. चाळीत विषय एकच, पाणी. तक्रारी लिहून घेता घेता बायकांशी ओळख झाली. उमेदवार पडला, ते सोडा.

मतदार नोंदणीत स्त्री-पुरुषांखेरीज 'इतर' हा पर्याय २००९ मध्येच आला होता, पण आमच्या तृतीयपंथी मैत्रिणीचं घोडं पत्त्याच्या पुराव्यावर अडलं होतं. कोणी खोलीच देईना. शेवटी त्याच चाळीतल्या एका मावशींनी दिली, भाडेकरारासकट.