मदत हवी आहे: परवा स्टाफ नर्सचा इंटरव्ह्यू, नेमकं काय विचारतात?

खानापूर_२३
परवा सकाळी १० ला बेळगावात स्टाफ नर्सचा इंटरव्ह्यू आहे. आज दुपारी फोन आला. वाचायला फक्त उद्याचा दिवस. काय काय विचारतात ते कुणीतरी नेमकं सांगा की. "आत्मविश्वास ठेवा" असलं नको, ते व्हिडिओत बघून झालंय.

निपाणीकर
जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) की बीएस्सी? वॉर्ड कुठला? फ्रेशर की अनुभव? हे कळल्याशिवाय काय सांगायचं ताई?

सिस्टर_चिकोडी
वॉर्ड कुठलाही असू दे, दवाखान्याचा कुठला कचरा कुठल्या रंगाच्या पिशवीत-डब्यात, हे विचारल्याशिवाय सोडत नाहीत. पिवळ्यात रक्ताचा कापूस, ड्रेसिंग, प्लॅसेंटा (वार). लाल पिशवीत आयव्ही सेट (सलाइनची नळी), कॅथेटर, युरोबॅग (लघवीची नळी, पिशवी), ग्लोव्हज, सुई काढलेली सिरिंज. पांढऱ्या जाड डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्यात औषधाच्या काचेच्या बाटल्या, म्हणजे वायल, अँप्युल. मुली चुकतात ते ग्लोव्हजना, पिवळं सांगून टाकतात. आणि इन्सुलिन सिरिंजची सुई निघत नाही, म्हणून ती अख्खी पांढऱ्यात.
पाठोपाठ प्रश्न येतो, सुई टोचली तर? साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, इन्चार्जला लगेच कळवायचं, पेशंटची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासणी बघायची. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी चांगली, शक्यतो २ तासांत. ७२ तास उलटले की सुरू करत नाहीत. हा आकडा न अडखळता यायला हवा.

खानापूर_२३
जीएनएम, आयसीयू, फ्रेशर. कॉलेज कोल्हापूरला झालं. आता प्रश्न सांगा.

निपाणीकर
कोल्हापूर म्हणजे रजिस्ट्रेशन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं. कर्नाटक कौन्सिलचं केलंय का?

खानापूर_२३
नाही. त्याचा इंटरव्ह्यूशी काय संबंध?

निपाणीकर
सगळा संबंध तिथंच आहे. बेळगावात काम करायला कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं. महाराष्ट्र कौन्सिलकडे एनओसी आणि पडताळणीसाठी अर्ज करायचा, मग बंगळूरच्या कौन्सिलकडे नोंदणी. दोन्हीकडे वेळ जातो. उद्याच पहिला अर्ज भरा, पैसे भरल्याची पावती प्रिंट करून फाइलमध्ये सर्वात वर ठेवा. महाराष्ट्राच्या रजिस्ट्रेशनची मुदत चालू आहे का तेही बघा, ५ वर्षांनी नूतनीकरण असतं.

टिळकवाडी_आर
विचारलं तरच सांगा. फ्रेशरने स्वतःहून कमतरता दाखवायची काय गरज?

निपाणीकर
दादा, हे चुकीचं सांगालाय. सर्टिफिकेटवर कौन्सिलचं नाव छापलेलं असतं. कागद बघणाऱ्याला ते दिसणारच, आणि नंतर दिसलं तर लपवलं असंच धरतात. "अर्ज केलाय, ही पावती" हे एक वाक्य पुरतं.

आयसीयू_रात्रपाळी
आयसीयू असेल तर वही काढा आणि गणितं हाताने सोडवा. पॅनेल कागद-पेन पुढे ठेवतं.

ड्रिप: मिली गुणिले सेटचे थेंब, भागिले मिनिटं. ५०० मिली एनएस (नॉर्मल सलाइन) ४ तासांत, सेट मिलीला २० थेंबांचा, तर १०,००० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. उत्तर देण्याआधी "सर, सेट किती थेंबांचा?" असं विचारा. १५ चाही येतो, मायक्रो ६० चा असतो, पाकिटावर छापलेलं असतं. न विचारता आकडा सांगणारी मुलगी पाठ करून आलीय हे लगेच कळतं.

पोटॅशियम क्लोराइड: १५ टक्क्यांच्या १० मिली अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट. थेट शिरेत पुश कधीच नाही, हृदय थांबतं. पातळ करून, पेरिफेरल लाइनने (हातापायाच्या शिरेतून) तासाला साधारण १० मिलीइक्विव्हॅलंटपर्यंत, मॉनिटर लावून. हा प्रश्न मुद्दाम वाकडा करतात: "डॉक्टरांनी फोनवर पुश द्या म्हटलं तर?" देणार नाही, ऑर्डर परत वाचून दाखवीन, लेखी मागीन, इन्चार्जला कळवीन. या क्रमाने.

अरेस्ट, म्हणजे हृदय बंद पडणं: प्रतिसाद नाही, श्वास नाही, आधी मदतीला हाक किंवा कोड ब्लू (तातडीचा इशारा), मग नाडी १० सेकंदांच्या आत, मग लगेच छातीवर दाब. मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंमी, ३० दाबांना २ श्वास. छाती प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यायची, हे बहुतेक जण सांगायचं विसरतात. अॅड्रेनलिन १ मिग्रॅ आयव्ही (शिरेत), दर ३ ते ५ मिनिटांनी. अॅनाफिलॅक्सिसला (जीवघेण्या अॅलर्जीला) मात्र ०.५ मिग्रॅ आयएम (स्नायूत), मांडीच्या बाहेरच्या बाजूला. हे दोन डोस एकमेकांत मिसळले तर पुढचा प्रश्न येत नाही.

सिस्टर_चिकोडी
इन्सुलिनही घाला. आपल्याकडची वायल बहुधा ४० युनिट प्रति मिलीची. हाताशी १०० युनिट प्रति मिलीच्या खुणांची सिरिंज असेल तर २० युनिटसाठी ५० च्या खुणेपर्यंत ओढायचं.

आयसीयू_रात्रपाळी
गणित बरोबर, पण इंटरव्ह्यूत हे उत्तर देऊ नका. ४० च्या वायलला लाल टोपीची सिरिंज, १०० ला नारंगी. "सिरिंज बदलून आणीन" हेच उत्तर. रात्री ३ ला रूपांतर करत बसलं की अडीचपट चूक होते आणि पेशंटची साखर वर-खाली जाते.

सिस्टर_चिकोडी
स्टॉकला दुसरी सिरिंजच नसेल तर काय करायचं ओ?

आयसीयू_रात्रपाळी
मग दुसऱ्या नर्सकडून मोजमाप तपासून घ्यायचं आणि दोघींची सही. तेही सांगा, पण नंतर.

जर्मनी_स्वप्न
इथं कशाला अडकताय? जर्मन भाषेची बी-२ पातळी करा, तिकडे पगार बघा.

निपाणीकर
त्यांचा इंटरव्ह्यू परवा आहे हो. जर्मनचा वेगळा धागा काढा.

वडगाव_बेळगाव
कन्नड येतं का? हे कुणीच विचारलं नाही. चंदगड-खानापूरचा पेशंट मराठी बोलतो, पण गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगलकडचे कन्नडच. पॅनेलमधलं कुणीतरी मधेच कन्नडात विचारतंच. एवढी तरी घोका: "निम्म हेसरु एनु?" म्हणजे नाव काय, "नोव एल्लि ऐतिरी?" म्हणजे दुखतंय कुठं, "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का, "हेदरबेडरी" म्हणजे घाबरू नका. येत नसेल तर "शिकते आहे, मोडकं बोलते" म्हणा आणि यातलं एक वाक्य बोलून दाखवा. येतं म्हणून सांगितलं आणि पुढच्या वाक्याला गप्प झालात, तर बाकी उत्तरांवरचाही विश्वास जातो.

खानापूर_२३
कन्नड समजतं, बोलायला अडतं. महाराष्ट्राचं रजिस्ट्रेशन पुढच्या वर्षापर्यंत चालू आहे, अर्ज आत्ता रात्रीच भरते. एक राहिलं: फोनवर म्हणाले मूळ सर्टिफिकेट घेऊन या, जमा करावी लागतील. द्यायची का?

निपाणीकर
दाखवायची, द्यायची नाहीत. दोन संच झेरॉक्स, स्वतःच्या सहीने साक्षांकित. मूळ कागद टेबलावर समोर ठेवा, पडताळणी झाली की लगेच उचला. बंगळूरच्या नोंदणीलाही तेच मूळ कागद लागणार आहेत, तसंच सांगा. बाँडचा (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराचा) कागद पुढे केला तर महिने किती आणि सोडताना रक्कम किती, हे दोन आकडे वाचल्याशिवाय सही नको. घरी वाचून आणते म्हणा.

आयसीयू_रात्रपाळी
आणि रक्त चढवताना रिअॅक्शन आली तर काय, ते उद्या सकाळी इथं लिहून टाका. पहिली कृती कुठली ते बघतो.

खानापूर_२३
आत्ताच लिहिते. आधी रक्त बंद. मग सेट बदलून एनएस चालू ठेवायचं, व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप, श्वास) बघायचे, डॉक्टरांना कळवायचं, पिशवीवरचं नाव-नंबर परत पडताळायचं, पिशवी आणि सेट रक्तपेढीला परत.

आयसीयू_रात्रपाळी
बरोबर. रक्त सुरू केल्यावर पहिली १५ मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही, तेही जोडा.