ऑक्सिजनला धातू म्हणायचं का?

धागाकर्ता: नववीतल्या मुलीला शिकवत होतो. खगोलशास्त्रावरच्या एका लेखातल्या ओळीखाली तिने पेन्सिलने दोनदा रेघ मारली होती: सूर्याच्या वस्तुमानात धातू सुमारे १.५ टक्के, त्यांतही ऑक्सिजन सर्वाधिक. "सर, ऑक्सिजन धातू कधी झाला?" या शास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून उरलेलं सगळं धातूच, असं मी सांगितलं खरं, पण मलाच ते पटत नाही. 'जड मूलद्रव्यं' हा सरळ शब्द असताना ही गफलत कशाला?

तारांगण: गफलत कसली? विश्वाच्या आरंभी जवळपास हायड्रोजन आणि हेलियमच होते, लिथियम अगदी नावापुरतं. कार्बन, ऑक्सिजन, लोह हे सगळं पुढे मुख्यतः ताऱ्यांनी घडवलं. म्हणून ही विभागणी मनमानी नाही. शिवाय ताऱ्यात धातू किती हे ठरवायला प्रत्यक्षात बहुतेक वेळा लोहच मोजतात, कारण ताऱ्याच्या वर्णपटात, म्हणजे त्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यात, लोहाच्या रेषा भरपूर सापडतात.

मूलद्रव्य_२६: सोय तुमची, घोटाळा शिकणाऱ्याचा. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, म्हणून तो वीज वाहतो. गुरूच्या पोटात प्रचंड दाबाखाली हायड्रोजनही तसाच वागतो, असं मानतात. त्याला धातुरूप हायड्रोजन म्हणतात. म्हणजे तुमच्या व्याख्येने जो कधीच धातू नाही, तो तिथे धातू!

शब्दवेल्हाळ: तुमची व्याख्या तरी कुठे अढळ आहे? कथील १३ अंश सेल्सियसच्या खाली बराच काळ राहिलं, तर करडं पडून त्याचा भुगा होऊ शकतो, आणि त्या रूपात ते धातू राहत नाही. आणि मराठीत 'करणे'चा धातू 'कर', आयुर्वेदात रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र हे सात धातू. धारण करतो तो धातू. कुणाचं अडलंय?

धागाकर्ता: अडत नाही, कारण 'कर' आणि लोखंड एका वाक्यात भेटत नाहीत. रसायनशास्त्र आणि खगोलशास्त्र मात्र मूलद्रव्यांच्या एकाच तक्त्याकडे बोट दाखवतात, आणि ऑक्सिजनच्या चौकटीवर एक म्हणतं अधातू, दुसरं म्हणतं धातू. माझी तक्रार एवढीच आहे.

तारांगण: हे मान्य. शब्द मी सोडणार नाही, पण विद्यार्थ्यांसाठी लिहिताना 'धातू म्हणजे इथे हेलियमपेक्षा जड सगळं' हे पहिल्याच ओळीत लिहीन. त्या लेखाने तेवढं करायला हवं होतं.