कांदा परतून होईपर्यंत लेकीला थांबवायचं कसं?

गुलबाक्षी:
मुलगी पावणेदोन वर्षांची आहे. मला स्वयंपाक मनापासून आवडतो. कांदा मंद आचेवर सोनेरी होऊ द्यायचा, टोमॅटो पार विरघळेपर्यंत ढवळत राहायचं, चव बघून पुन्हा चिमूटभर मीठ टाकायचं. संध्याकाळचा हा अर्धा तास मला हवाच असतो. पण घरभर वास सुटला की लेकीला त्याच क्षणी खायला हवं. आधी "दे, दे", मग माझ्या पायाला मिठी, मग जमिनीवर लोळण. बिस्किट दिलं की गप्प होते, पण ताट समोर आल्यावर दोन घासांत तोंड फिरवते आणि पाच मिनिटांत खुर्चीतून खाली.

सगळे म्हणतात, अजून वर्षभर झटपट काहीतरी शिजव आणि मोकळी हो. मला ते नको आहे. तिलाही चवीचं खाणं आवडावं, वास आल्यावर तिचे डोळे चमकतात ते तसेच चमकत राहावेत, असं फार वाटतं. तुम्ही हा अर्धा तास कसा निभावता?

नातवंडांची_आजी:
अगं, या वयात "पाच मिनिटं थांब" म्हटलेलं कळतच नाही. "आधी पानं तोडू, मग जेवू" हे कळतं. तिला काम दे. पालेभाजीची पानं तोडून भांड्यात टाकू दे, बटाटे पाण्यात बुचकळू दे. ओटा ओला होईल, होऊ दे. माझा धाकटा नातू भाजी खात नव्हता, पण स्वतः तोडलेलं पान शिजल्यावर ताटात शोधायचा. आणि तुझा कांदा सोडू नकोस गं, आईला आवडतं म्हणूनच पोरांना आवडू लागतं.

रात्रपाळीवाला_बाबा:
बिस्किट बंद करा, त्याऐवजी जेवणातलाच एक भाग आधी द्या. मी गाजर-बटाट्याच्या फोडी आधीच मऊ उकडून ठेवतो. रडू सुरू व्हायच्या आत दोन-तीन फोडी वाटीत. तो नाश्ता नसतो, जेवणाची सुरुवात असते, त्यामुळे भूक मरत नाही.

दोन घासांचं मनाला लावून घेऊ नका. पहिल्या वर्षात वजन साधारण तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोच वाढतं, म्हणून भूकही कमी दिसते. पोट लहान, त्यामुळे दिवसातून 3–4 जेवणं आणि मध्ये 1–2 वेळा खाऊ, असंच या वयाला जमतं. मधल्या वेळी दूध किती जातं तेही बघा, दुधानं पोट भरलं की ताटाकडे लक्ष जात नाही.

दुपारचा_चहा:
एकच सांगते. ओट्याजवळ घेणार असाल तर मागचा बर्नर वापरा, कढईचा दांडा आत वळवा. हातात कच्चं गाजर, अख्खं द्राक्ष, शेंगदाणे, पॉपकॉर्न नको, घशात अडकतं. द्राक्ष उभं चिरून चार भाग करायचे.

गुलबाक्षी:
आजी, पानांचं उद्याच करते. दुधाचं डोक्यातच आलं नव्हतं, संध्याकाळी पाचला मोठा पेला जातो, तो हलवायला हवा. पण खुर्चीतून उतरण्याचं काय? मागे घास घेऊन धावायचं मला पटत नाही, आणि उपाशी झोपेल ही भीतीही वाटते.

रात्रपाळीवाला_बाबा:
धावू नका. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंची वाटणी आम्ही घरी पाळतो. काय, केव्हा आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. उतरली की शांतपणे "झालं का?" विचारा आणि ताट उचला, पुढचा खाऊ ठरल्या वेळी. आमच्याकडे पहिले काही दिवस रडारड झाली, मग बसणं हळूहळू वाढलं. वजन घटत असेल किंवा सारखी मलूल दिसत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.

नवी चव नाकारली तरी थोडी थोडी ताटात येऊ द्या. काही मुलांना 8–15 वेळा समोर यावी लागते. तुमच्या त्या परतलेल्या कांद्याचा एक चमचा, तिखट घालायच्या आधी बाजूला काढलेला, रोज तिच्या ताटात असू द्या.

नातवंडांची_आजी:
आणि तुझं ताटही तिच्याच वेळेला वाढून घे गं. समोर कुणी चवीनं जेवत असलं की पोरं जास्त वेळ बसतात.